सहा माणसं, चिपळूणचा रस्ता आणि गाडीची तिसरी रांग

ताई, उत्तर आधी देतो, कारणं मागून सांगतो. तुमच्या घरासाठी एमपीव्हीच घ्या, म्हणजे तीन रांगांची लांबट घरगुती गाडी. लांब व्हीलबेसची, मधल्या रांगेत सलग बाक असलेली, तिसरी रांग अर्धी-अर्धी दुमडणारी, पेट्रोल आणि ऑटोमॅटिक. तुमच्या यजमानांना आवडलेली पाच सीटर क्रॉसओव्हर (एसयूव्हीसारखी दिसणारी, पण कारच्याच सांगाड्यावरची) गाडी म्हणून चांगलीच आहे, पण तुमच्या घराला ती पहिल्याच रविवारी कमी पडेल.

तुम्ही कळवलं ते असं. घर ठाण्यात कासारवडवलीला. यजमान ट्रेनने जातात, तुम्ही रोज ऐरोलीला स्वतः गाडी घेऊन जाता. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची. सासरे ठणठणीत, सासूबाईंचे गुडघे दुखतात. गाव चिपळूणजवळ, गणपती, शिमगा आणि मे महिन्यात सगळे मिळून जाता. आत्ता वॅगन आर आहे. नव्या गाडीसाठी ऑन रोड अठरा लाखांपर्यंतची तयारी. सासऱ्यांना डिझेलची सात सीटर हवी, यजमानांना क्रॉसओव्हर हवी, आणि मोठी गाडी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये लावायची तुम्हाला धास्ती वाटते.

वागळे इस्टेटमध्ये माझं गॅरेज पंचवीसेक वर्षं चालू आहे. नव्या गाड्या मी विकत नाही. शोरूममधून हार घालून निघालेली गाडी पाच-सात वर्षांनी कोणत्या अवस्थेत येते आणि मालक कशाबद्दल हळहळतात, ते मात्र रोज बघतो. इंजिनबद्दल हळहळणारे कमी असतात. बहुतेकांची तक्रार जागेची असते: एक तर गाडी लहान पडली, नाहीतर सात सीटर घेतली आणि मागची रांग कधी उघडलीच नाही.

आता दोन आकारांतला फरक बघा. ह्युंदाईची क्रेटा ही क्रॉसओव्हर आणि कियाची कॅरेन्स ही एमपीव्ही, अशा दोन गाड्या घेऊ, कारण दोन्हींना दीड लिटरची जवळपास सारखीच इंजिनं आहेत आणि दोन्ही एकाच कोरियन उद्योगसमूहाच्या आहेत. इंजिन सारखं असलं की आकाराचा फरक नीट कळतो. क्रेटाची लांबी ४३३० मिलिमीटर, कॅरेन्सची ४५४०. म्हणजे फरक एका वितीचा. रुंदी क्रेटाची १७९०, कॅरेन्सची १८००. म्हणजे फरक एका बोटाचाही नाही. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, क्रेटाचा २६१० आणि कॅरेन्सचा २७८०. सगळी गंमत या शेवटच्या आकड्यात आहे. एमपीव्ही बाहेरून फारशी मोठी नसते. तिची चाकं लांब लांब बसवलेली असतात, जमीन खाली आणि सपाट असते, छप्पर मागपर्यंत उंच जातं. क्रॉसओव्हरमध्ये तीच लांबी उंच बॉनेट, रुंद खांब आणि उतरत्या छपरात खर्च होते. दिसायला ती रुबाबदार दिसते हे खरं. तुमचे यजमान त्या रुबाबाला भुलले असतील तर त्यांना दोष देऊ नका. रोज बघायची वस्तू डोळ्यांना बरी वाटायला हवी, हेही कारणच आहे.

अमेरिकेत मिनीव्हॅन विरुद्ध क्रॉसओव्हर अशी तुलना करताना पहिला मुद्दा सरकत्या दरवाज्याचा असतो. अरुंद जागेत मुलांना उतरवायचं असलं की तो दरवाजा सोन्यासारखा. आपल्याकडे पूर्वी ओम्नीला होता, आज इको सोडली तर थेट कार्निव्हल, वेलफायर अशा महागड्या गाड्यांनाच मिळतो. तुमच्या बजेटमधल्या सगळ्या एमपीव्हींचे दरवाजे बिजागरीचे. त्यामुळे मिनीव्हॅनचं कौतुक इंटरनेटवर वाचलं असेल, तर त्यातला हा अर्धा भाग आपल्याला लागू होत नाही. उरतो तो दुसरा अर्धा, म्हणजे तिसरी रांग. निर्णय तिथेच होतो.

तिसऱ्या रांगेत कोण बसणार, हे नाव घेऊन ठरवा. "कधी पाहुणे आले तर" असं उत्तर येत असेल तर सात सीटर घेऊ नका. तुमच्याकडे उत्तर स्पष्ट आहे. माणसं सहा, पाच सीटरमध्ये बेल्ट पाच. सहावं माणूस कोणाच्या तरी मांडीवर. आज मुलगी तीन वर्षांची आहे म्हणून ते चालेल असं वाटतं. चालत नाही, आणि त्याबद्दल पुढे लिहितो.

मागे बसणार तुमचा मुलगा. नऊ वर्षांच्या मुलाला आज कुठलीही तिसरी रांग पुरते. गाडी मात्र तुम्ही आठ-दहा वर्षं ठेवाल, तोपर्यंत तो बापाच्या उंचीचा होईल. म्हणून चार मीटरच्या आतली रेनोची सात सीटर ट्रायबर तुमच्यासाठी नको. ती हुशारीने बनवलेली गाडी आहे, मागची सीट काढून घरात ठेवता येते आणि ६२५ लिटरची डिकी मिळते. पण सातही जागा उघड्या ठेवल्या तर मागे उरतात ८४ लिटर, म्हणजे भाजीची पिशवी. हाच हिशेब सात सीटर क्रॉसओव्हरलाही लावा. त्यांच्या जाहिरातीत सात माणसं हसताना दिसतात. खऱ्या गाडीत मागच्याचे गुडघे छातीला लागतात, कारण जमीन उंच आणि सीट तिला चिकटून असते. मांडीला आधार मिळत नाही, पाय लोंबत नाहीत, उकिडवं बसल्यासारखं होतं. पनवेलपर्यंत कळत नाही, माणगावला पाठ बोलायला लागते. मारुतीची एमपीव्ही अर्टिगा आणि कॅरेन्समध्ये हे बरंच कमी आहे, इनोव्हात आणखी कमी. पण इनोव्हा हायक्रॉस तुमच्या बजेटबाहेर जाते.

मुलांना गाडी लागते का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मुलाला लागत असेल तर त्याला मागे टाकून मोकळं होऊ नका. तिसरी रांग मागच्या चाकांच्या अगदी वर असते, तिथे हेलकावे जास्त बसतात, खिडकी लहान असते आणि पुढचा रस्ता दिसत नाही. या तिन्ही गोष्टी मळमळ वाढवतात. वळणाच्या रस्त्यावर त्याला मधल्या रांगेत घ्या, मोठ्या माणसाने मागे जावं. मागे छतातून किंवा बाजूने एसीची हवा येते का तेही बघा. काही गाड्यांत ब्लोअर मधल्या रांगेच्या वर असतो आणि मागच्याला जी काय झुळूक मिळेल ती. मे महिन्यात दुपारी वडखळच्या कोंडीत अडकल्यावर ती झुळूक पुरत नाही.

आता बसायची मांडणी, कारण इथे लोक चुकीचं मॉडेल घेऊन येतात. सहा माणसं म्हणजे सहा सीटर घ्यावी असं वाटतं, मधे दोन स्वतंत्र खुर्च्या असलेली. त्या खुर्च्या आरामशीर असतात, मधून मागे जायला वाटही मिळते. पण सहा सीटरमध्ये सहा माणसं बसली की मागची रांग पूर्ण उघडी राहते आणि सामानाला उरते ती फक्त तिच्या मागची फट. अर्टिगात ती २०९ लिटर, कॅरेन्समध्ये २१६. त्यात दोन मध्यम बॅगा उभ्या राहतात, संपलं. गणपतीला जाताना तुमच्याकडे मखराचं सामान, पूजेचं सामान, सगळ्यांचे कपडे. येताना नारळ, तांदूळ, सुपारी. सात सीटरमध्ये मधे तिघं बसतात, मागे मुलगा एका बाजूला आणि दुसरी अर्धी सीट दुमडून तिथे छपरापर्यंत सामान. हे जमतं. तुमच्यासाठी बाकवाली सात सीटरच योग्य. फक्त ते सामान दोरीने किंवा जाळीने बांधा. जोरात ब्रेक लागला की सुटा नारळसुद्धा मुलाच्या डोक्यावर येतो.

छपरावर कॅरिअर लावून प्रश्न सुटतो असं सासरे म्हणतील. कॅरिअर हलक्या आणि मोठ्या वस्तूंसाठी ठीक. तांदळाचं पोतं वर टाकलं की गाडीचं वजन वर जातं आणि वळणावर ती कलते.

मुलीची सीट. तीन वर्षांच्या मुलीला चाइल्ड सीट हवीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर एक हजार रुपये दंड आहे, पण दंडाचा विचार करून लावू नका. ताशी पन्नासच्या वेगात धडक बसली तर मांडीवरचं मूल कितीही घट्ट धरलं तरी हातात राहत नाही. आईचे हात कमजोर असतात म्हणून हे होत नाही. त्या क्षणी मुलाचं वजन कित्येक पटींनी वाढल्यासारखा झटका बसतो आणि तो कुठल्याच हातांना पेलत नाही. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे, हूक साधारणपणे मधल्या रांगेच्या दोन्ही कडांना असतात. चाइल्ड सीट तिथे एकदा पक्की केली की ती बाजू पुढे दुमडता येत नाही. म्हणून ती उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे लावा. डावी बाजू फुटपाथकडे असते. मागे जायची वाट तिथूनच हवी. कॅरेन्सच्या वरच्या व्हेरियंटमध्ये डावीकडची सीट बटण दाबल्यावर स्वतः पुढे कलंडते, अर्टिगात एका खटक्याने पुढे सरकते. शोरूममध्ये चाइल्ड सीट लावून हा प्रयोग करा. दुकानदाराकडे सीट नसते, तुमची घरची घेऊन जा. सीट मोकळी असताना सगळ्याच गाड्या मागे जायला सोप्या वाटतात.

डावीकडे सासूबाई बसणार, म्हणजे मुलगा आधी चढणार आणि शेवटी उतरणार. रस्त्यात त्याला लघुशंकेला जायचं असलं तर सासूबाईंना उतरावं लागेल. ही गैरसोय राहील, तिच्यावर उपाय नाही. सासूबाईंना पुढे बसवलं तर ती टळते. पुढची सीट गुडघेदुखीच्या माणसाला तशीही बरी, पाय लांब करता येतात. सासऱ्यांनी मधे बसायची तयारी ठेवावी.

गुडघ्यांचंच बोलतो, कारण या एका मुद्द्यावर क्रॉसओव्हर थोडी पुढे आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सीट कमरेच्या उंचीच्या आसपास हवी, म्हणजे पाठ वळवून टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. खाली वाकून बसावं लागलं तरी त्रास, वर चढावं लागलं तरी त्रास. क्रेटाच्या वर्गातल्या गाड्यांची सीट बऱ्याच जणांना नेमकी बसते. एमपीव्हीची सीट किंचित खाली, पण तिचा उंबराही खाली असतो. साडी नेसलेल्या बाईला सीटच्या उंचीपेक्षा हा उंबरा जास्त छळतो. पाय किती उचलावा लागतो त्यावर सगळं असतं. म्हणूनच स्कॉर्पिओ किंवा फॉर्च्युनरसारख्या शिडीसारख्या चासीवर (खालच्या लोखंडी चौकटीवर) बांधलेल्या उंच गाड्यांत आजींना दोघांनी धरून चढवावं लागतं. अर्टिगा आणि कॅरेन्स दोन्हींत सासूबाईंना चार वेळा चढवा-उतरवा. चौथ्या वेळी त्यांचा चेहरा कसा होतो ते बघा. पहिल्या वेळी त्या सुनेला वाईट वाटू नये म्हणून "छान आहे" म्हणतील.

पार्किंगची भीती घालवू. वर सांगितलं तसं रुंदीत फरक नाही, आणि बेसमेंटमध्ये खांबाला लागते ती रुंदीच. लांबी एका वितीने वाढते, तिच्यासाठी मागचा कॅमेरा आणि सेन्सर आहेत. अर्टिगाची रुंदी तर १७३५ आहे, क्रेटापेक्षाही कमी, आणि तिचा वळायचा रेडियस ५.२ मीटर. गोखले रोडवरून राम मारुती रोडला वळवताना ती तुम्हाला त्रास देणार नाही. पण दोन गोष्टी टेप घेऊन मोजा. एक, तुमच्या जागेत शेजारची गाडी उभी असताना मागचा दरवाजा किती उघडतो. चाइल्ड सीटमधल्या मुलीला बाहेर काढायला तुम्हाला वाकून आत जावं लागणार आहे. दोन, तुमचं पार्किंग मेकॅनिकल, म्हणजे गाड्या एकावर एक उचलून ठेवणारं, असेल तर त्यावर लिहिलेली उंची, लांबी आणि वजनाची मर्यादा. कॅरेन्सची उंची १७०८ आहे, अर्टिगाची १६९०. वरच्या ट्रेमध्ये ती बसत नसेल तर पुढची सगळी चर्चा व्यर्थ आहे. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये हे बघितल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका.

रॅम्पबद्दल एक बारकी गोष्ट. व्हीलबेस लांब असला की उंच गतिरोधकाच्या माथ्यावर गाडीचं पोट जास्त खाली येतं. पुढचं चाक उतरलेलं, मागचं अजून चढायचंय, आणि मधला भाग टेकतो. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा सारखा असला तरी लांब गाडी आधी घासते. त्यात मागे दोन माणसं आणि तांदूळ भरला की मागचं सस्पेन्शन दबतं आणि आणखी बोटभर जागा जाते. म्हणून भरलेली एमपीव्ही गतिरोधकावरून थोडी तिरकी आणि अगदी सावकाश काढायची. बेसमेंटचा रॅम्प जिथे रस्त्याला मिळतो तिथेही तेच. ज्यांनी हे पाळलं त्यांच्या गाड्या खालून स्वच्छ येतात. भरल्या गाडीला मागच्या टायरमध्ये हवाही जास्त लागते. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे छापलेले असतात. गावी निघायच्या आदल्या दिवशी तेवढी हवा भरा, परत आल्यावर कमी करा. गणपतीनंतर माझ्याकडे फुगवटा आलेले, कडा फाटलेले टायर येतात ते बहुतेक कमी हवेत भरून पळवलेल्या गाड्यांचे.

आता डिझेल. सासऱ्यांचं म्हणणं त्यांच्या काळात बरोबर होतं. क्वालिस, तवेरा, पहिली इनोव्हा या गाड्यांनी कोकणात जन्म काढला आणि डिझेलवरच काढला. पण एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस ६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर बसला, डीपीएफ. त्यात साठलेली काजळी जळून जायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. तुमचा रोजचा रस्ता म्हणजे वाघबीळ, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा आणि पुढे विटाव्याची नाहीतर ऐरोली पुलाची रांग. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर. तो फिल्टर कधी तापतच नाही, जळण अर्ध्यात तुटतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग महिन्यातून काही वेळा त्याच्यासाठी म्हणून गाडी पाम बीच रोडला किंवा भिवंडी बायपासला पळवून आणायची. रोज नाशिकला ये-जा करणाऱ्याला मी आजही डिझेल सांगतो. तुम्हाला नाही.

राहिलं पेट्रोल. अर्टिगाचं दीड लिटरचं इंजिन शहरात गोड चालतं, अॅव्हरेज चांगलं देतं आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा, २०२२ पासून आहे. तो प्रकार जुना, सोशीक आणि कोंडीत रांगायला चांगला. त्याची मर्यादा घाटात कळते. १३७ न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क (ओढायची ताकद), सहा माणसं, सामान आणि एसी; परशुराम घाटात इंजिन ओरडतं पण गाडी चढते, फक्त ओव्हरटेकचा हट्ट सोडायचा. कशेडीला बोगदा झाल्यापासून त्या मार्गावरचा मोठा चढ टळला आहे, त्यामुळे तुमच्यासाठी ही मर्यादा पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. कुंभार्ली घाटाने कराडला वारंवार जात असाल तर मात्र विचार करा. कॅरेन्सचं टर्बो पेट्रोल २५३ न्यूटन मीटर देतं, घाटात पायाखाली ताकद असते. पण त्याचा ऑटोमॅटिक दोन कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या, क्लचचा असतो, आणि रांगत्या कोंडीत, चढावर अर्धवट सरकत राहिलं की असे क्लच तापतात. उपाय ड्रायव्हरच्या हातात आहे: पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नका, थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदम पुढे जा. चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा.

रोज ऐरोली हा तुमचा मुख्य वापर आहे म्हणून मी अर्टिगा ऑटोमॅटिककडे झुकतो. बजेटमध्ये आरामात बसते आणि खिशात पैसेही उरतात. सीएनजीचा मोह होईल. ठाणे-नवी मुंबईत पंप आहेत आणि खर्च खूपच कमी होतो. पण टाकी डिकीत बसते, अर्टिगाच्या फॅक्टरीत बसवलेल्या सीएनजीत ऑटोमॅटिक मिळत नाही, आणि तुमच्या नारळांना जागा राहत नाही. हेच घर चार माणसांचं असतं तर मागची रांग दुमडून सीएनजी घ्या म्हटलं असतं.

सुरक्षेबद्दल यजमानांचा समज आहे की एसयूव्हीसारखी दिसणारी गाडी मजबूत असते. आकारावरून हे ठरत नाही, मॉडेलनिहाय बघावं लागतं. हायक्रॉस एमपीव्ही असून तिला २०२५ मध्ये भारत एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले. क्रेटाच्या आधीच्या मॉडेलला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने तीन दिले होते, कॅरेन्सलाही त्याच वर्षी तीन. अर्टिगाला २०२४ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला, आणि हे मी झाकून ठेवणार नाही. दोन गोष्टी ध्यानात घ्या: २०२२ च्या मध्यापासून चाचणीचे नियम कडक झाले, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे तारे थेट जुळवता येत नाहीत, आणि २०२५ पासून अर्टिगात सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटमध्ये आल्या. तरीही सांगाडा तोच आहे. तुमच्या मनाला तो एक तारा सलत असेल तर कॅरेन्स घ्या, थोडं जास्त पेट्रोल जाळा आणि निर्धास्त झोपा. मी तुम्हाला यात समजावत बसणार नाही, हा निर्णय आई-बापाचा आहे. मागच्या रांगेच्या प्रत्येक जागेला तीन टोकांचा बेल्ट आणि वर सरकणारं हेडरेस्ट आहे का, एवढं मात्र दोन्हीकडे हात लावून बघा. तिसऱ्या रांगेतल्या डोक्याच्या मागे काचेपर्यंत फार अंतर नसतं, तिथे हेडरेस्ट शोभेला नसतं.

आणि सनरूफ. मुलं मागतील, यजमानही मागतील. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या त्याच्या बारीक नळ्या धूळ आणि पानांनी बुजतात आणि जुलैत छताचं कापड ओलं होतं. दर मे महिन्यात त्या साफ करून घ्यायच्या. हे निस्तरता येतं. मुलांना त्यातून उभं करू नका. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर छातीपर्यंत बाहेर आलेली पोरं बघितली की माझ्या पोटात खड्डा पडतो. एक ब्रेक पुरेसा आहे.

पैशांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, त्यापेक्षा मोठ्यांना सरसकट ४०. अर्टिगा, कॅरेन्स, क्रेटा तिन्ही ४० मध्येच येतात, त्यामुळे करासाठी एमपीव्ही की क्रॉसओव्हर हा प्रश्नच उरत नाही. आपल्या राज्यात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के, डिझेलला १४. सासऱ्यांना हेही सांगा. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन घ्या. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं तेव्हा कुठल्याच गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स कामाला येत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायची नाही, ढकलून बाहेर काढायची, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला पाठ हवं.

यजमानांची बाजूही मांडतो. सासू-सासरे गावी राहत असते आणि वर्षातून एक-दोनदाच सगळे एकत्र प्रवास करत असता, तर मी बेधडक क्रॉसओव्हर सांगितली असती. ४३३ लिटरची डिकी रोज मिळते, चौघांना ऐसपैस होते, घाटात रस्त्याला धरून चालते, आणि त्या दोन वेळा इनोव्हा भाड्याने आणली की झालं. बाराही महिने रिकामी तिसरी रांग वाहून नेण्यात शहाणपण नाही. गणपतीत मात्र भाड्याची गाडी आयत्या वेळी मिळत नाही आणि कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडलं की बघता बघता भरतं. तुम्ही तर वर्षातून तीनदा जाता, शिवाय सासूबाईंना डॉक्टरकडे, कौपिनेश्वराला, उपवनला दर आठवड्याला सहा जण निघता. तुमची तिसरी रांग रिकामी राहणार नाही.

शोरूमला रविवारी सकाळी सगळे सहा जण जा. चाइल्ड सीट, एक मोठी बॅग आणि सासूबाईंची काठी बरोबर घ्या. बसवायची सुरुवात मागून करा: यजमानांनी तिसऱ्या रांगेत बसायचं, त्यांचे गुडघे सुटेपर्यंत मधली सीट पुढे घ्यायची, मग मधल्यांनी बसायचं आणि शेवटी पुढच्यांनी. सेल्समन पुढून मागे बसवतो, त्यात मागच्याला उरलेली जागा मिळते आणि ती कधीच पुरत नाही. सगळे बसले की डिकी उघडून बॅग ठेवा. मग तशीच भरलेली गाडी तुम्ही चालवा, यजमानांनी नाही, कारण रोज ती तुमच्याच हातात असणार आहे. टेस्ट ड्राइव्हला सरळ हायवे मागू नका. एखाद्या मॉलच्या बेसमेंटमध्ये उतरवा आणि खांबांमध्ये लावून बघा.

वॅगन आर एक्स्चेंजला देण्याआधी बाहेर दोन ठिकाणी किंमत काढा. शक्य असेल तर एखादं वर्ष ठेवाच. सोसायटीत दुसरी जागा मिळत असेल तर ऐरोलीला एकट्यानं जायला ती छोटी गाडीच सोयीची आहे, आणि नवी गाडी कोंडीत झिजणार नाही. जागा मिळत नसेल तर विका, पण चाइल्ड सीट गाडीबरोबर देऊन टाकू नका. ती नव्या गाडीत बसते का ते बघून मगच नवी सीट घ्या.